गोड बोलणारी पट्टी

गिरिजा सातपुते पट्टीतून पहिल्यांदा बोलली, त्या दिवशी आमच्या मुख्याध्यापक हुपरीकर सरांनी सगळ्या शाळेला भडंग वाटलं. सर एरवी फळ्याचं पेनसुद्धा जुनं संपलेलं दाखवल्याशिवाय नवं देत नाहीत. त्यामुळे शिक्षकखोलीत त्या दिवशी निम्मं कौतुक गिरिजाचं होतं आणि निम्मं सरांच्या सैल सुटलेल्या हाताचं.

मी या शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. सरकारी कागदांत माझं पद वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ असं भारदस्त लिहितात, मुलं 'स्पीचमॅडम' म्हणतात. जिन्याखालची खोली माझी. पूर्वी तिथं लेझीम आणि ढोल ठेवायचे. कुणाला 'र' येत नाही, कुणी पहिल्याच अक्षराला अडखळतं, कुणी वर्गात वर्षभर तोंड उघडत नाही आणि घरी मात्र भांडून चाळ डोक्यावर घेतं. अशी सगळी मंडळी माझ्याकडे येतात. आमच्या धंद्यात एकच गोष्ट खरी शिकावी लागते, ती म्हणजे थांबणं. मूल अर्ध्या वाक्यात अडकलं की उरलेलं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. जीभ नुसती शिवशिवते.

गिरिजा तेरा वर्षांची, आठवीत. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांवरचा ताबा गेला तो गेलाच. बुद्धी लख्ख. गणितात वर्गात पहिली, नजर तर अशी की समोरच्याचं बटण उलटं लागलं असेल तर पहिल्यांदा तिला दिसावं. पण बोलणं मात्र कुणाला कळायचं नाही. बोलायचं म्हणजे जीभ, ओठ, टाळू, जबडा, घसा आणि छाती इतक्या सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं काम करावं लागतं. मेंदूकडून प्रत्येकाला हुकूम सुटतो. गिरिजाच्या डोक्यात वाक्य व्यवस्थित तयार असतं, हुकूमही सुटतात, पण वाटेत त्यांची सरमिसळ होते. जीभ उशिरा पोचते, श्वास आधीच संपतो आणि बाहेर येतो तो घोगरा, ओढलेला आवाज. एका श्वासात तीन-चार अक्षरं, फार तर पाच. मला त्यातला तिसरा हिस्सा कळायचा, तोही खोलीत पंखा बंद असला तर.

सगळं कळायचं ते एकट्या तिच्या आईला.

पूनमताई सातपुते. नवरा गावातल्या कापडाच्या मिलमध्ये, जिथं आता तुटलेला धागा मागच जोडतात आणि माणसं फक्त पडद्यावर नजर ठेवतात. पूनमताई आधी शिवणकाम करायच्या. गिरिजा पहिलीत आली तशी त्यांनी मशीन विकलं आणि त्या लेकीबरोबर शाळेत बसू लागल्या. रोज, आठ वर्षं. बाकाच्या कडेला त्यांची खुर्ची असे. गिरिजा आवाज काढायची आणि पूनमताई सांगायच्या, "सर, ती म्हणतीया उत्तर सत्तावीस." "मॅडम, ती म्हणतीया तुमची साडी छान हाय."

मला तर वाटायचं, इतकी गुणी पोर मी पाहिली नाही. कधी कुणाबद्दल वावगा शब्द नाही. भाजी बेचव असली तरी "पोट भरलंय", पाहुणे कंटाळवाणे असले तरी "परत या". आमच्याकडे पाचवीतली पोरं परस्परांना जे बोलतात ते ऐकून कान धुवावे लागतात. त्यात ही मुलगी म्हणजे नवल होतं.

मग पट्टी आली.

सरकारी नाव 'वाक्‌सेतू'. ते एकाही मुलाच्या तोंडी बसलं नाही, सगळे पट्टीच म्हणतात. हनुवटीखालून गळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची, कातडीच्या रंगाची, डिंकाच्या पट्टीसारखी पातळ. स्नायू हलो वा न हलो, त्याला हुकूम पोचला की तिथं विजेची बारीकशी लहर उठते. पट्टी ती लहर पकडते. म्हणजे बाहेर आलेल्या बिघडलेल्या आवाजावर ती विसंबत नाही, आत सुटलेले हुकूम वाचते. त्यावरून वाक्य जुळवते आणि कॉलरला लावलेल्या गुंडीएवढ्या स्पीकरमधून बोलते. आवाजही मुलाचाच. गिरिजाचं हसणं, तिचे 'आ' आणि 'ओ' ध्वनिमुद्रित करून तो घडवला होता.

फक्त एक अडचण होती. प्रत्येक मुलाच्या लहरी वेगळ्या. अमुक लहर म्हणजे अमुक वाक्य, हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. हजारो वेळा सांगावं लागतं, मग त्याला नमुना सापडतो आणि न सांगितलेलं वाक्यही ते ओळखू लागतं. सांगणार कोण? ज्याला मुलाचं बोलणं कळतं तोच. गिरिजाच्या बाबतीत दुसरा माणूसच नव्हता.

म्हणून पावसाळाभर आम्ही तिघी जिन्याखाली बसलो. गिरिजा बोलायची, पूनमताई अर्थ सांगायच्या, मी तो यंत्रात भरायची. आमच्याकडे बायकाही "मी जातो, मी खातो" म्हणतात, तेही त्याला शिकवावं लागलं, कारण ते आलं होतं पुण्याचं बोलणं घेऊन. कधी कधी गिरिजा मधेच चिडून ओरडायची. पूनमताई म्हणायच्या, "दमली ओ ती." मग आम्ही चहा घ्यायचो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एके सकाळी गिरिजा वर्गात बोलली. स्वच्छ, मोकळ्या आवाजात. "गुड मॉर्निंग सर. मला आज खूप छान वाटतंय." भडंग वाटलं ते त्या दिवशी. वर्गातली मुलं बाकांवर उभी राहिली, आणि पूनमताई व्हरांड्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून रडल्या. मीही रडले, त्यात लाजायचं काही नाही. आठ वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आला होता.

त्यानंतर गिरिजा शाळेचं भूषण झाली. कुणी पाहुणा आला की सर तिला पुढे करायचे. ती म्हणायची, "आमच्या शाळेत सगळे माझी खूप काळजी घेतात." पाहुणे सद्गदित व्हायचे.

तिचा चेहरा मात्र उतरत चालला होता. पट्टी ती सारखी खांद्याला घासून काढायला बघायची. आम्हाला वाटलं डिंकानं खाज येते. पूनमताईंनी खोबरेल लावलं, मी वेगळा डिंक मागवला. "गिरिजा, त्रास होतो का गं?" असं विचारलं की कॉलरमधून गोड आवाज यायचा, "नाही मॅडम, पट्टी मला खूप आवडते." आणि हे ऐकताना ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायची की मी उगाचच पदर सारखा करायची.

शंका आली ती श्वासावरून. एकदा ती माझ्या खोलीत होती, पूनमताई औषध आणायला गेल्या होत्या. मी विचारलं, "डब्याला काय होतं आज?" गिरिजानं एक श्वास घेतला, दोन लहानसे आवाज काढले आणि तोंड मिटलं. कॉलर म्हणाली, "आईनं केलेली भाजी खूप छान होती, पण माझं पोट आधीच भरलं होतं म्हणून मी थोडीच खाल्ली."

मी हातातलं काम थांबवलं. एका श्वासात चार-पाच अक्षरं म्हणणारी पोर, दोन आवाज काढून इतकं लांब वाक्य कसं बोलेल?

माझ्या कपाटात जुना अक्षरफळा होता. बाराखडी मोठ्या अक्षरांत लिहिलेली, मुलानं बोटानं दाखवायचं. गिरिजानं तो पूर्वी थोडा वापरला होता, पण तिचा हात वाकडा जातो, एक शब्द दाखवायला घाम फुटतो. शिवाय आई शेजारी असताना गरज कुणाला होती? मी फळा तिच्या मांडीवर ठेवला, पट्टी बंद केली आणि म्हटलं, "आत्ता जे म्हणालीस ते दाखव. मला काही घाई नाही."

बोटाचं पेर घसरत, परत येत, अखेर टेकलं. दो. ड. का. मग बऱ्याच वेळानं: न. को.

"दोडका नको?"

तिनं डोळे वर केले. तिची 'हो' म्हणायची ती खूण.

मी पट्टी चालू केली. "आता हेच तोंडानं म्हण."

तिनं दोन आवाज काढले. कॉलर पुन्हा तेच बोलली, पोट भरल्याचं. गिरिजानं मान मागे टाकली आणि घशातून जो आवाज काढला, तो हसण्याचा की रडण्याचा मला अजून सांगता येणार नाही.

पट्टी बिघडली नव्हती. जे शिकवलं तेच ती चोख करत होती. लहरीचा अर्थ यंत्राला मुळात कळतच नाही. आपण सांगू तो अर्थ. आठ वर्षं पूनमताई लेकीचं बोलणं जरा साखर घालून लोकांना सांगत आल्या होत्या. आणि माझ्यासमोर बसूनही त्यांनी तसंच सांगितलं होतं. गिरिजा "नको" म्हणाली की "पोट भरलंय". "हा माणूस जाईना कसा" म्हणाली की "परत या". यंत्रानं त्यातून नियम काढला आणि तो सगळीकडे लावला. गिरिजाला काय म्हणायचंय ते त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या आईला काय ऐकायला आवडेल, ते मात्र ते नेमकं शिकलं होतं. मधे ओरडून गिरिजा तक्रारच करत असणार, आणि आम्ही चहा पीत होतो.

"पट्टी तुला कशी वाटते?" मी विचारलं.

तिनं फळ्यावर दाखवलं: खोटारडी.

पुढं काय विचारायचं ते मला माहीत होतं आणि विचारायची भीती वाटत होती. कोयनाकाठी कराडच्या पुढे एक निवासी शाळा आहे. गिरिजासारखी मुलं तिथं आईवडिलांशिवाय राहतात, यंत्रं जुळवायला शिकतात, आपलं आपण जेवतात. सांडलं तर सांडलं. आदल्या वर्षी वर्गात त्या शाळेचा व्हिडिओ दाखवला होता. दर वर्षी चार-पाच मुलं घेतात, त्यांची निवड समिती आठवड्यावर आली होती. सरांनी गिरिजाला विचारलं तेव्हा पट्टी म्हणाली होती, "मला आईजवळच राहायचंय." सगळ्यांना भरून आलं होतं. नियमाप्रमाणे सरांनी नाव पाठवलं, पण विषय संपलाच होता.

"कोयनेच्या शाळेत जायचंय का तुला?"

मी फळा दोन्ही हातांनी धरला. जा. य. चं. य.

नेमक्या त्याच वेळी पूनमताई दारात आल्या. हातात औषधाची पिशवी. फळा, गिरिजाचं बोट आणि माझं तोंड पाहून त्यांना काय समजायचं ते समजलं. त्या खाली बसल्या, खुर्ची असून जमिनीवर.

मी त्यांना फळ्यावरचं सगळं सांगितलं. दोडका, खोटारडी, आणि शेवटचा शब्द. त्या बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ती चार वर्साची असताना तिच्या थोरल्या काकूला म्हणाली, तुझ्या तोंडाचा वास येतोय. मी आपलं हसत हसत तसंच सांगितलं. पोरगी बोलती ह्याचंच कौतुक हुतं मला. काकू परत घरी आली न्हाई. सगळ्यास्नी सांगितलं तिनं, पांगळी ती पांगळी आन् वर तोंड बघा. तवापास्नं ठरवलं मी. धडधाकट पोरगी फटकळ असली तर लोकं म्हणत्यात हुशार हाय. आमच्या पोरीला गोड असली तरच जवळ करत्यात. तिला उचलायला, पाणी द्यायला, शाळंत घ्यायला लोकंच लागत्यात की ओ."

हे खरं होतं. मी स्वतः गिरिजाचे लाड करायची ते ती गुणी म्हणूनच.

"आणि कोयनेचं?" मी विचारलं.

पूनमताईंनी गिरिजाकडे न बघता सांगितलं, "बाकीचं गोड केलं. ते मात्र खोटंच सांगितलं. पावसाळ्यात ती सारखी तेच म्हणायची, जायाचंय, जायाचंय. मी तुम्हाला सांगितलं, आईपाशी राहायचंय म्हणती. ती गेल्यावर मी काय करू ते सांगा. शिवणाचं मशीन न्हाई, काय न्हाई. आठ वर्सं मी नुसतं तिचं तोंड हाय."

गिरिजानं फळ्यावर हात आपटला. तिला काही म्हणायचं होतं. आम्ही दोघी थांबलो. पु. सा.

"काय पुसायचं?" मी विचारलं. तिनं हनुवटी छातीला लावली, पट्टीवर.

पट्टीत शिकवलेलं सगळं पुसून टाकायचं, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं, पुसायला कशाला हवं, नुसती बंद ठेवू. त्यावर तिनं जो चेहरा केला त्यात उत्तर होतं. बंद पट्टी कुणीही चालू करेल. कौतुकानं करतील, पाहुणे आले म्हणून करतील. आणि मग ती पुन्हा गोड बोलू लागेल.

पुसायला पालकांची संमती लागते. मी पूनमताईंपुढे यंत्राचा पडदा धरला. त्यांनी डोळे मोठे करून त्यात पाहिलं, यंत्रानं ओळख पटवली. "खोटारडी म्हणाली न्हवं," त्या उठताना म्हणाल्या, "ते पट्टीला न्हाई म्हणाली ती. पण कोयनेचं मी अजून ठरवलं न्हाई. ते मी बघतो."

हुपरीकर सरांना कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "मगदूम मॅडम, अहो, पोरगी इतकी सुरेख बोलायला लागली आणि तुम्ही तिला परत मुकी केलीत? पुढच्या महिन्यात शिक्षण संचालक यायचेत! मी त्यांना काय दाखवू, जिना?"

"सर, ती बोलतच नव्हती. तिची आईच बोलत होती. फक्त स्पीकर नवा होता."

सरांना राग आला, पण माणूस वाईट नाही. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "बाकीच्या मुलांचं काय?" तोच प्रश्न मलाही छळत होता. आमच्या शाळेत आणखी सात मुलं पट्टी वापरतात. मी एकेकाला अक्षरफळ्यापुढे, चित्रांपुढे बसवलं. तिसरीतल्या सोहमची पट्टी त्याच्या आजीनं शिकवली होती, आणि तो बिचारा काहीही म्हणाला की दर दुसरं वाक्य "मला भूक लागली" असं यायचं. पोरानं दोन महिन्यांत बाळसं धरलं होतं, ते उगाच नव्हे. एका मुलाची त्याच्या धाकट्या बहिणीनं शिकवली होती. ती मात्र अगदी चोख निघाली, शिव्यांसकट. मी जिल्ह्याच्या कार्यालयाला कळवलं की जिथं जिथं घरच्यांनी पट्टी शिकवली तिथं तपासा. महिनाभरानं त्यांचं उत्तर आलं, 'वापरकर्त्यांचं समाधान उत्तम आहे.' असणारच. समाधान त्यांनी पट्टीलाच विचारलं होतं.

गिरिजाला नव्यानं शिकवायला घेतलं. या वेळी ती आधी फळ्यावर दाखवणार, मग तोंडानं बोलणार, मी भरणार. मधे कुणी नाही. पण त्याला वर्ष तरी लागणार होतं आणि समिती चार दिवसांवर होती.

समितीचा नियम सोपा होता. मुलानं स्वतःचं म्हणणं स्वतः मांडायचं. यंत्र चालेल, फळा चालेल, सांगणारं माणूसही चालेल. आम्ही फळ्याचा सराव केला. माझ्या खोलीत जमायचं. पण सर नुसते बघायला आले तरी गिरिजाचा हात ताठ व्हायचा आणि बोट भलत्याच अक्षरावर उडायचं. अनोळखी माणसांपुढे तिच्या स्नायूंचं हे असंच होतं, त्यात तिची इच्छा चालत नाही. मला तिचं बोलणं तिसरा हिस्सा कळतं, तेवढ्यावर कुणाचं आयुष्य ठरवता येत नाही. पूर्ण सांगू शकेल असा माणूस जगात एकच. आणि त्याच आईला लेकीला जाऊ द्यायचं नव्हतं.

मी पूनमताईंना विनवलं नाही. थांबायची सवय असली तरी ते चार दिवस मला फार जड गेले. त्या नेहमीसारख्या येत, लेकीला भरवत, गप्प बसत. गिरिजाही त्यांच्याशी बोलत नव्हती. दोघी शेजारी शेजारी बसून अबोला धरून होत्या.

समिती आली. नाडगौडाबाई म्हणून साठीच्या शांत स्वभावाच्या बाई होत्या, बरोबर दोन तरुण शिक्षक. ग्रंथालयात टेबल मांडलं होतं. आधी त्यांनी गणितं घातली, गिरिजानं उत्तरांच्या मोठमोठ्या आकड्यांवर मूठ ठेवून सगळी बरोबर सोडवली. मग बाईंनी चष्मा काढला.

"आता मला सांग गिरिजा, तुला आमच्याकडे का यायचंय?"

मी फळा पुढे केला. बोट उडालं, फळा खाली पडला. मी उचलला, पुन्हा पडला. गिरिजाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. तिनं फळ्याचा नाद सोडला आणि आईकडे पाहिलं. मग तोंडानं बोलू लागली, एका श्वासात तीन अक्षरं, पुन्हा श्वास, पुन्हा तीन.

पूनमताईंनी ओढणीनं तोंड पुसलं. "बाई, ती म्हणतीया, शाळा चांगली हाय म्हणतात, शिकायला..."

गिरिजानं मूठ टेबलावर मारली.

वरचा पंखा फिरत होता. मी उठून तो बंद केला. पूनमताई लेकीकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "परत बोल. सावकाश बोल."

गिरिजा पुन्हा पहिल्यापासून बोलली. ती थांबली की पूनमताई बोलत, त्या थांबल्या की ती.

"मला आईपास्नं लांब जायाचंय," पूनमताई म्हणाल्या. त्यांचा आवाज सरळ होता. "आई वाईट न्हाई. पण आई असली की सगळी आईशीच बोलत्यात. आत्ता बी तुम्ही तिच्याकडंच बघालाय. मला चमचा माझ्या हातानं धरायचाय. सांडलं तर सांडू दे. मला... मला कुणालातरी राग येईल असं बोलायचंय. आणि त्यांनी मला उलट बोलायचं. मी गेलो की आई रडंल. लई रडंल. रडू दे. हुईल तिला सवय."

शेवटचं वाक्य सांगताना त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण शब्द एकही गाळला नाही. मला कसं कळलं? गिरिजाच्या चेहऱ्यावरून. तिची मूठ सैल झाली होती.

नाडगौडाबाई म्हणाल्या, "आणि पूनमताई, तुम्हाला काय वाटतं? तुमची तयारी आहे?"

"मला इचारू नका," पूनमताई म्हणाल्या. "आत्ता मी न्हाई बोलत. ती बोलतीया."

बाईंनी मान डोलावली. त्यांनी आपली खुर्ची ओढून गिरिजाच्या समोर आणली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या आणि तिला विचारलं, "बरं, मग जूनमध्ये येशील तेव्हा बरोबर काय काय घेऊन येशील?"

गिरिजानं श्वास घेतला. बोलायच्या आधी तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. मग तिनं एकाच श्वासात काहीतरी सांगितलं.

पूनमताईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. हे जरा गोड करून सांगावं असं त्यांच्या अगदी जिभेवर आलेलं मला दिसलं.

"ती म्हणतीया," त्या म्हणाल्या, "आई सोडून सगळं."

सगळ्यांच्या आधी गिरिजा हसली. मग तिची आई.